समुद्रावरचे घर आणि त्याची निगा

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



१ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका मुंबईहून निघाली आणि पृथ्वीला वळसा घालून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईलाच परतली. तिच्यावर भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे एकटेच होते. वाटेत त्यांनी एकाही बंदराला नौका लावली नाही. अशी विनाथांबा, एकहाती परिक्रमा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या पराक्रमाची आठवण निघते तेव्हा निघण्याचा दिवस सांगितला जातो, पोहोचण्याचा दिवस सांगितला जातो आणि फार तर मधल्या एखाद्या वादळाचे वर्णन होते. परंतु त्या दोन तारखांच्या मध्ये १५० दिवस होते. त्या प्रत्येक दिवशी सकाळी त्या माणसापुढे कोणती कामे वाढून ठेवलेली असत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. शिडाच्या नौकेवर राहणाऱ्याचा बहुतेक वेळ तिची निगा राखण्यात जातो, आणि प्रवास होतो तो त्या निगेच्या बळावर.

या नौकेची जन्मकथा मराठी माणसाला जवळची आहे. भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून भारतीय माणसाने एकट्याने जगप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौदलाने ती उचलून धरली आणि २००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांच्यावर ती जबाबदारी आली. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या नौकाबांधणी कारखान्यात ५६ फूट लांबीची नौका तयार झाली. मांडवी नदीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. तेच नाव नौकेला मिळाले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दोंदे यांना तयार नौका आणून दिली गेली नव्हती. ती बांधली जात असताना ते तिच्याबरोबर होते. कोणत्या फळीमागून कोणती तार जाते, पाण्याची नळी कोठे वळते, सुकाणूचा दांडा कशावर टेकलेला आहे, हे ज्याने बांधणीच्या वेळी पाहिले आहे, त्याला समुद्रात रात्रीच्या अंधारात हात घालायची जागा शोधावी लागत नाही. निगेची सुरुवात अशी ओळखीपासून होते.

आता त्या घरात डोकावून पाहू. ५६ फूट म्हणजे सुमारे १७ मीटर. जमिनीवर ही लांबी मोठी वाटते; पण नौका दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तिच्या पोटातली बरीच जागा शिडे, दोर, पाण्याच्या व इंधनाच्या टाक्या, बॅटऱ्या, हत्यारे आणि अन्नसामग्री यांनी अडलेली असते. उरलेल्या जागेत स्वयंपाकाचा ओटा, नकाशाचे टेबल, शौचालय आणि निजण्याच्या अरुंद फळ्या. वारा एका बाजूने येत असेल तर हे सारे घर दिवसचे दिवस एका अंगावर कललेले राहते. शेगडी दोन खिळींवर झुलती बसवलेली असते, म्हणजे नौका कितीही कलली तरी भांडे सपाट राहावे. आपल्या घरांतला प्रेशर कुकर येथे फार उपयोगी ठरतो; त्याचे झाकण आवळलेले असल्याने भांडे कलंडले तरी आतला भात सांडत नाही, आणि इंधनही कमी लागते. निजण्याच्या फळीला कापडाची आडवी पट्टी बांधावी लागते, नाही तर झोपलेला माणूस खाली पडतो. एका हाताने सतत काही तरी धरलेले असते. काम करायचे ते उरलेल्या हाताने.

अशा घराला शत्रू पुष्कळ. पहिला शत्रू खारे पाणी. ते धातूला गंज आणते आणि विजेच्या जोडांवर हिरवट थर बसवते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांच्या संपर्कात राहिले, तर त्यांतला एक हळूहळू झिजून जातो. हे टाळण्यासाठी नौकेच्या तळाशी जस्ताचे तुकडे मुद्दाम बसवतात. झीज जस्ताची होते आणि पंख्याचा दांडा शाबूत राहतो. हे तुकडे वेळेवर बदलले नाहीत, तर पुढची पाळी महत्त्वाच्या भागांची येते. दुसरा शत्रू ऊन. शिडाचे कापड टिकते, पण त्याची शिवण उन्हाने कुजते; म्हणून शीड फाटते ते बहुधा शिवणीवर. तिसरा शत्रू घर्षण. दोर कप्पीतून जातो तेथे, शीड तारेला टेकते तेथे, दर लाटेबरोबर थोडे थोडे घासले जाते. दिवसाला हजारो वेळा घासणारा दोर वरून धडधाकट दिसतो आणि एका रात्री तुटतो. चौथा शत्रू जिवंत आहे. पाण्याखालच्या भागावर शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटतात, नौकेचा वेग मंदावतो, आणि मंदावलेला वेग म्हणजे वाढलेले दिवस, म्हणजेच अधिक लागणारे अन्न आणि पाणी. पाचवा शत्रू ओल. कपडे, पुस्तके, पीठ, औषधे, सगळ्यांना बुरशी धरते.

या शत्रूंशी सामना करण्याची रीत साधी आहे. रोज सकाळी नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फेरी घालायची, आणि नुसती नजर टाकून पुढे न जाता प्रत्येक वस्तूला हात लावायचा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा एखादा धागा सुटला आहे काय, हे हातानेच कळते. फळ्यांवर एखादी लहानशी पिन पडलेली सापडली, तर ती उचलून खिशात टाकून भागत नाही. ती कोठून निसटली हे सापडेपर्यंत वर पाहत राहावे लागते, कारण त्या पिनेने धरलेला बोल्ट आता मोकळा झालेला असतो. मग नौकेच्या पोटातल्या सर्वांत खोल जागेत वाकून पाहायचे. तेथे साचलेले पाणी चाखले, तर ते खारे आहे की गोडे हे समजते. खारे असेल तर समुद्र आत येतो आहे. गोडे असेल तर पिण्याची टाकी गळते आहे. दोन्ही बातम्या वाईटच, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे. शेवटी जे पाहिले ते नोंदवहीत लिहायचे. आज ज्या फटीतून वाटीभर पाणी आले, तिच्यातून आठवड्यापूर्वी किती येत होते, हे स्मरणावर सोपवून चालत नाही.

गोड्या पाण्याचा हिशेब समुद्रावर जसा कळतो, तसा जमिनीवर कळत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, अंघोळही त्याच पाण्याने करायची आणि गोडे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखायचे. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी काढणारे यंत्र असले, तरी त्याला वीज लागते आणि त्याची गाळणी जपावी लागते. ते बंद पडेल असे गृहीत धरूनच टाक्या भरलेल्या असाव्या लागतात. पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी धरायचे; पहिली सर शिडावरचे मीठ धुऊन नेते, म्हणून भांडे दुसऱ्या सरीला लावायचे. अन्नाचेही तसेच. कांदे, बटाटे, लसूण हवेशीर जाळ्यांत टांगायचे. टोमॅटो हिरवे असतानाच घ्यायचे. अंडी दर एक-दोन दिवसांनी उलटी करून ठेवायची, म्हणजे ती अधिक दिवस टिकतात. दर दोन दिवसांनी सगळी भाजी हातांनी चाचपून पाहायची, कारण नासका एक कांदा शेजारच्या दहांना नासवतो. ताजी पालेभाजी पहिल्या काही दिवसांतच संपते. त्यानंतर मोड आणलेली मटकी किंवा मूग हाच हिरवेपणा.

झोपेचा प्रश्न त्याहून अवघड. नौकेला रात्री थांबता येत नाही. खोल समुद्रात नांगर तळाला पोहोचत नाही. एकटा दर्यावर्दी जहाजांच्या वाटेजवळ असेल तर घड्याळाचा गजर लावून थोडा थोडा वेळ झोपतो, उठून चारी दिशांना पाहतो आणि पुन्हा पडतो. चार माणसे असली तर पाळ्या लावता येतात, पण मग पाळी वेळेवर बदलणे हाही निगेचाच भाग होतो. पहारा संपवणाऱ्याने पुढच्या माणसाला वाऱ्याची दिशा, आखडलेले शीड, जवळ दिसलेला दिवा, हे सर्व सांगूनच खाली जायचे असते. त्यातले एक वाक्य गाळले, तरी त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते.

दुरुस्तीला लागणारी कल्पकता कोठून येते, याचे एक उदाहरण मुंबईत बांधलेल्या नौकेचे आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईच्या कारागिरांनी हातहत्यारांनी बांधली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने ती आपल्यासाठी बांधून घेतली होती. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ही जगातली पहिली परिक्रमा. त्या शर्यतीत नऊ नौका होत्या. पूर्ण करणारी ही एकच.

निघाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत ‘सुहेली’च्या तळाशी फळ्यांमधला सांधा उघडला आणि पाणी आत येऊ लागले. जवळ बंदर नव्हते, नौका पाण्याबाहेर काढण्याचा प्रश्नच नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने किनतानाची लांब पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला, डांबर फासले आणि हातोडी घेऊन समुद्रात उडी मारली. एका श्वासात जेवढे खिळे ठोकता येतील तेवढे ठोकायचे, वर यायचे, पुन्हा बुडी मारायची. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला, तेव्हा नौकेवर चढून आधी त्याचा बंदोबस्त करावा लागला. किनतानावर शेवटी तांब्याची पट्टी ठोकली आणि गळती आटोक्यात आली.

दुसरा प्रसंग शाळेत सांगावा असाच आहे. वीज निर्माण करणारे त्याचे छोटे इंजिन बंद पडले. ठिणगी पडण्याच्या जागी दोन टोकांमध्ये इंचाच्या काही सहस्रांश भागांएवढे अंतर ठेवायचे असते, आणि ते मोजण्याची पात्यांची पट्टी त्याच्याजवळ नव्हती. त्याने एक पुस्तक घेतले आणि त्याची पाने मोजली. २०० पाने मिळून एक इंच जाडी भरत होती. म्हणजे एक पान इंचाचे पाच सहस्रांश. हव्या त्या जाडीइतकी पाने मध्ये धरून त्याने अंतर बसवले आणि इंजिन चालू केले. प्राथमिक शाळेतला भागाकार समुद्राच्या मध्यावर असा उपयोगी पडला.

स्वतः दुरुस्ती करणे हे कौशल्य खरे, पण कोठे थांबावे हे ओळखणे हाही निगेचाच भाग आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ निघाली. ‘म्हादेई’सारखीच ही नौकाही गोव्यात बांधलेली. तिच्यावर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या नौदलाच्या महिला अधिकारी होत्या. त्यांना दिलीप दोंदे यांचे मार्गदर्शन लाभले होते. २१,६०० सागरी मैलांचा हा प्रवास २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी गोव्यात संपला. ठरलेले थांबे चारच होते. पण केपटाउनहून परतताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, आणि घर इतके जवळ आले असताना त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात नौका नेऊन दुरुस्ती करून घेतली. ठरलेल्या थांब्यांच्या यादीत हे बंदर नव्हते, म्हणून त्यांच्या यशात काही उणे आले नाही. सहाही जणी आणि नौका सुखरूप परतली. त्याच ‘तारिणी’तून २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकारी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परिक्रमा पुरी करून आल्या. जी नौका पहिल्या फेरीनंतर नीट राखली गेली, तीच दुसऱ्या फेरीला उपयोगी आली, हे येथे विसरता येत नाही.

अभिलाष टॉमी यांची पुढची कथाही याच विषयाची आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. चार वर्षांनी ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. या शर्यतीचा नियम असा की, १९६८ साली उपलब्ध होती तेवढीच साधने वापरायची. वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूची पाती एकामागून एक मोडली, तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून नवे पाते घडवले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पुरी करून आले. नौकेवर कोणती वस्तू अत्यावश्यक आहे आणि कोणत्या वस्तूवाचून भागेल, याचा निवाडा ज्याला करता येतो, त्यालाच असे दार कापता येते.

ही दृष्टी परदेशातून आणावी लागत नाही. कोकण किनाऱ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, त्यांवर माडाच्या झावळ्यांचे छप्पर घालायचे, तळ खरवडून फळ्यांचे सांधे भरायचे, लाकडाला तेल पाजायचे, जाळी विणून दुरुस्त करायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो तो उत्सवाचा दिवस. त्याआधीचे दोन-अडीच महिने दुरुस्तीचे असतात. ज्या घरात ते महिने वाया गेले, त्या घरची होडी पौर्णिमेनंतर इतरांच्या मागे राहते. सण आणि दुरुस्ती यांचा हा क्रम जुन्या लोकांनी जाणून घालून दिलेला आहे.

आज या शाळेतही उत्सवाचा दिवस आहे. महाराष्ट्रापासून दूर, जेथे बाजाराची भाषा वेगळी, सरकारी कचेरीची भाषा वेगळी आणि नोकरीची भाषा आणखी वेगळी, तेथे मराठी माध्यमाची शाळा ६० वर्षे चालली, ही गोष्ट एखाद्या दिवसाच्या पराक्रमाने घडत नाही. कोणी तरी रोज फळ्यावर बाराखडी लिहिली, कोणी फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठे घातले, कोणी पावसाळ्याआधी छपरावर चढून कौले पाहिली, कोणी पटसंख्या घसरू लागली तेव्हा घरोघर जाऊन पालकांना विनंती केली. या कामांची छायाचित्रे स्मरणिकेत सहसा छापली जात नाहीत. नोंदवहीत मात्र त्यांची नोंद असते.

धोका कोठे आहे तेही स्पष्ट बोलले पाहिजे. मराठी शाळा एखाद्या वादळाने बंद पडल्याचे क्वचितच ऐकू येते. त्या बंद पडतात त्या घासत गेलेल्या दोरासारख्या. एका वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा भरली जात नाही, पुढच्या वर्षी प्रयोगशाळेला कुलूप लागते, त्यानंतर वाचनालय आठवड्यातून एकदाच उघडते, आणि मग एखाद्या जून महिन्यात पहिलीच्या वर्गात बसायला मुलेच नसतात. प्रत्येक टप्प्यावर शाळा वरून धडधाकट दिसत असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने देणग्या येतात तेव्हा नवे सभागृह, नवे प्रवेशद्वार, नवी कोनशिला यांकडे मन ओढ घेते, आणि ते स्वाभाविक आहे. बांधकामावर देणगीदाराचे नाव कोरता येते. दुरुस्तीवर ते कोरता येत नाही. तरीही येणाऱ्या रकमेचा एक ठरावीक भाग कायम देखभाल निधी म्हणून बाजूला ठेवला जावा, आणि त्याच्या व्याजातून छप्पर, वाचनालय, प्रयोगशाळा आणि एका जादा शिक्षकाचे वेतन यांची तरतूद व्हावी. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. वर्षातून एकदा शाळेत येऊन एका खोलीची फेरी घालावी, प्रत्येक वस्तूला हात लावून पाहावे, आणि जे मोकळे झाले असेल ते लिहून ठेवावे.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलांना परिक्रमेची गोष्ट अवश्य सांगावी, पण त्याबरोबर त्यांच्या हाती सुई-दोरा, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक कोरी वहीही द्यावी. सायकलची साखळी घसरली तर ती त्यांनाच बसवू द्यावी. वेळ लागला तरी चालेल. घरातला गळका नळ कोणत्या दिवशी गळू लागला, हे त्यांना विचारावे. आणि घरी मराठीत बोलावे, रोज, थोडे का होईना. भाषेचा दोरही न वापरल्याने सुकतो.

शाळेचा अमृतमहोत्सव १५ वर्षांवर आहे. आज पहिलीत बसलेले मूल तेव्हा एकवीस वर्षांचे असेल आणि कदाचित याच सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसेल. त्याला येथे भरलेली शाळा दिसावी, यासाठी करायचे काम उद्या सकाळी शाळा उघडल्यावर सुरू होते. या संस्थेला आणि तिच्या सर्व सेवकांना त्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.